१८६३ च्या तेरा नियमांनी फुटबॉलची मॅच कशी खेळायची

फुटबॉलचे नियम कुठून आले हे वाचून थोडंफार कळतं, पण खरं कळतं ते जुन्या नियमांनी एकदा मैदानात उतरल्यावर. ऑफसाइड कशाला हवा, हात फक्त गोलकीपरलाच का चालतो, थ्रो दोन्ही हातांनीच का टाकायचा, याची उत्तरं वीसेक मिनिटांत मिळायला लागतात कारण नियम नसला की काय होतं ते डोळ्यांसमोरच घडतं आणि लगेच वादावादी सुरू होते. आजच्या नियमपुस्तकातला जवळजवळ प्रत्येक नियम हा असल्याच कुठल्यातरी वादाचा निकाल आहे. म्हणून मी म्हणेन की मित्रमंडळी जमवा, एक दुपार काढा आणि ही मॅच लावाच, कशी लावायची ते सगळं खाली सांगतोय.

आधी मागचं थोडं माहीत असू द्या. १९ व्या शतकात इंग्लंडमधल्या मोठ्या शाळांमध्ये फुटबॉल खेळायचे खरे, पण प्रत्येक शाळेचा खेळ वेगळा. रग्बी शाळेला मोकळं गवताचं मैदान होतं तर तिथे बॉल हातात घेऊन पळणं, अंगावर जाणं, पाडणं सगळं चालायचं आणि त्यांनी १८४५ मध्येच आपले नियम लिहून काढले होते, उलट चार्टरहाउसची मुलं दगडी फरशीच्या अरुंद ओवऱ्यांमध्ये खेळायची, तिथे पडलं की हाडं मोडणार, त्यामुळे बॉल पायातल्या पायात खेळवत न्यायचं कसब वाढलं. आता ही सगळी मुलं पुढे केंब्रिजला एकत्र आली की खेळायचं कोणाच्या नियमाने? म्हणून १८४८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी बसून एक समान नियमावली केली, तिची मूळ प्रत आज कुठेच नाही. तिकडे शेफिल्डमध्ये नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी १८५७ मध्ये क्लब काढला आणि १८५८ मध्ये स्वतःचे नियम केले. म्हणजे १८६० च्या आसपास दोन क्लबना मॅच खेळायची असेल तर आधी पत्रं पाठवून ठरवावं लागायचं की तुमच्या नियमाने का आमच्या.

बार्न्स क्लबचा एबेनेझर कॉब मोर्ली नावाचा वकील होता, त्याने हा घोळ संपवायचं मनावर घेतलं. २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन आणि आसपासच्या क्लबांचे कॅप्टन आणि प्रतिनिधी जमले, फुटबॉल असोसिएशन तिथेच स्थापन झाली, आर्थर पेंबर अध्यक्ष आणि मोर्ली सेक्रेटरी. डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या आणि त्यातून तेरा नियम निघाले. आपल्याला याच तेरा नियमांनी खेळायचंय.

मैदान आणि सामान

मैदान जास्तीत जास्त २०० यार्ड लांब आणि १०० यार्ड रुंद, म्हणजे साधारण १८३ मीटर बाय ९१ मीटर. एवढं मोठं मिळणार नाही आणि गरजही नाही, कारण नियमात फक्त वरची मर्यादा दिलीय, कमीत कमी किती ते लिहिलेलंच नाही. हद्द झेंडे लावून दाखवायची. चुन्याच्या रेघा नाहीत, मधलं वर्तुळ नाही, पेनल्टी बॉक्स नाही, त्यामुळे आखलेलं मैदान मिळालं तर बाहेरची हद्द सोडून आतल्या रेघांकडे कोणी बघायचंच नाही असं आधीच सांगून ठेवा नाहीतर सवयीने लोक बॉक्सपाशी थांबतात.

गोल म्हणजे दोन खांब, मधलं अंतर ८ यार्ड, म्हणजे ७.३२ मीटर. हे माप तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. पण वर आडवा बार नाही, दोरी नाही, काही नाही. बॉल दोन खांबांच्या मधून किंवा त्यांच्या मधल्या जागेवरून कितीही उंचावरून गेला तरी गोल. खांब म्हणून जरा उंच काठ्या घ्या, कारण छोट्या काठ्यांवरून बॉल गेला की तो आतून होता का बाहेरून यावर एकमत होणं अशक्य, आणि हा वाद तुमच्याकडे पहिल्या दहा मिनिटांत होणार म्हणजे होणार.

बॉल कुठलाही चालेल, मापाबद्दल १८६३ मध्ये एक अक्षर नाहीये. बुटांबद्दल मात्र अख्खा तेरावा नियम आहे, तळव्याला किंवा टाचेला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा कडक पदार्थ, लावायचा नाही. यावरून अंदाज येतो की त्याआधी लोक काय काय लावून येत असतील. तुम्ही साधे बूट घाला, स्टड नकोतच.

किती खेळाडू? नियमात नाही. किती वेळ? तेही नाही. रेफरी? तोही नाही. हे सगळं दोन्ही कॅप्टननी आधी बोलून ठरवायचं, तेव्हा तसंच चालायचं. या नियमांनी १९ डिसेंबर १८६३ ला मॉर्टलेकला बार्न्स आणि रिचमंड खेळले तेव्हा दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण होते आणि मॅच ०-० सुटली. जानेवारी १८६४ मध्ये बॅटरसी पार्कात अध्यक्षांची टीम विरुद्ध सेक्रेटरींची टीम अशी मॅच झाली तेव्हा चौदा-चौदा. तुमच्याकडे दहा-दहा असतील तर दहा-दहा खेळा, पण आठच्या खाली जाऊ नका, गर्दी झाल्याशिवाय या खेळाची मजा कळत नाही.

अजून एक गोष्ट कॅप्टननी ठरवून घ्यायची, ती म्हणजे नियम मोडला तर काय. तेरा नियमांत शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. सभ्य माणसं आहेत, मुद्दाम कोण कशाला नियम मोडेल असा त्यांचा हिशोब होता. तुम्ही सरळ असं करा की चूक झाली की खेळ थांबवायचा आणि जिथे चूक झाली तिथून समोरच्याला किक द्यायची. फाउलला फ्री किक ही कल्पना शेफिल्डवाल्यांनी आणली आणि लंडनमध्ये ती नंतर आली, त्यामुळे आपण थोडी उसनवारी करतोय, पण त्याशिवाय मॅच पुढे सरकत नाही.

खेळायला सुरुवात

टॉस करा. जिंकणारा बाजू निवडेल आणि हरणारा मध्यावर बॉल ठेवून किक मारेल, तोपर्यंत समोरच्यांनी १० यार्ड लांब उभं राहायचं. गोल झाला की ज्यांच्यावर गोल झाला ते किक-ऑफ करतात आणि प्रत्येक गोलनंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, हे विसरायला होतं, लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हात. बऱ्याच जणांना वाटतं १८६३ ला हात बंद झाला, तसं झालंच नाही. बॉल घेऊन पळायचं नाही, हाताने पास द्यायचा नाही की फेकायचा नाही, आणि जमिनीवरचा बॉल हाताने उचलायचा नाही, एवढंच आहे. पण हवेतला बॉल हाताने खाली पाडता येतो, थोपवता येतो आणि झेलताही येतो. फक्त हाताने ढकलून, फेकून किंवा घेऊन जाऊन गोल करता येत नाही.

झेलाचं मात्र नीट शिकून घ्या. समोरच्या टीमच्या माणसाने मारलेला बॉल जमिनीला किंवा तुमच्या कोणाला लागायच्या आत तुम्ही झेललात तर तो फेअर कॅच, आणि तुम्हाला फ्री किक मिळते, पण एका अटीवर, तिथल्या तिथे टाचेने जमिनीवर खूण करायची. बॉल छातीशी आला की हात आवळायचे आणि त्याच क्षणी उजवी टाच दाबून मातीत रुतवायची, ओरडायचीही गरज नाही, पण ओरडा, कारण मागून येणारा अंगावर आदळतो. मग सगळे थांबतात. तुम्ही खुणेपासून हवं तेवढं मागे जाऊ शकता आणि तुम्ही किक मारेपर्यंत समोरच्यांपैकी कोणी त्या खुणेच्या पुढे यायचं नाही. नवीन माणूस झेलतो आणि आनंदात दोन पावलं पळतो, तिथेच चूक होते, पळणं बंद आहे. टाच आधी. आणि हो, बॉल हद्दीच्या बाहेरून किंवा गोललाइनच्या मागून आलेला असेल तर तो झेलून फेअर कॅच मिळत नाही.

हे करताना कोणाला रग्बी आठवेल, आणि बरोबरच आहे, रग्बीमध्ये असा झेल ‘मार्क’ या नावाने अजून टिकून आहे. दोन्ही खेळ तेव्हा एकाच घरात होते.

पुढे पास देताच येत नाही

ऑफसाइड हा या मॅचमधला सगळ्यात मोठा धक्का असतो. नियम सहा सांगतो की तुमच्या माणसाने बॉल मारला त्या वेळी तुम्ही समोरच्या गोललाइनच्या त्याच्यापेक्षा जवळ असाल तर तुम्ही खेळाच्या बाहेर. बॉलला हात-पाय लावायचा नाही, कोणाच्या आडही यायचं नाही. म्हणजे पुढे पास हा प्रकारच संपला. अपवाद एकच, बॉल गोललाइनच्या मागून मारला जात असेल तर कोणी ऑफसाइड नाही.

बाहेर गेलेला माणूस परत आत कधी येतो हे नियमात स्पष्ट नाही, म्हणून आधी ठरवून घ्या. आम्ही असं ठेवतो की तो बॉलच्या मागे आला किंवा समोरच्या टीमने बॉल खेळला की तो मोकळा.

मग हल्ला कसा करायचा? एकाने बॉल घेऊन ड्रिबल करत, म्हणजे पायातल्या पायात खेळवत, सुटायचं आणि चार-पाच जणांनी त्याच्या मागोमाग, अगदी दोन-तीन पावलांवर पळत राहायचं. त्याच्याकडून बॉल निसटला, अडला की मागचा तो उचलतो म्हणजे पायानेच घेतो आणि पुढे सुटतो. तेव्हाच्या इंग्लिश टीम अशाच खेळायच्या, सगळी मदार ड्रिबलिंगवर, बचावाला मागे अगदी मोजके लोक. तुमच्यातले चांगले पासिंगवाले पहिल्या दहा मिनिटांत वैतागतात, त्यांना मागच्या घोळक्यात पाठवा, आडवा आणि मागे पास चालतो तो ते पटकन शिकतात.

बॉल बाहेर गेला की

बाजूच्या हद्दीबाहेर बॉल गेला तर तो कोणाकडून गेला हे बघायचंच नाही, जो पहिल्यांदा जाऊन बॉलला हात लावेल त्याचा थ्रो. त्यामुळे बॉल बाहेर पडला रे पडला की दोन्हीकडचे सगळे त्याच्या मागे धावतात आणि मैदानाबाहेरच झटापट होते. बाहेर भिंत, काटे, रस्ता, खड्डा असलं काही असेल तर तिथे खेळूच नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय, लोक बॉलकडे बघत धावतात, पुढे काय आहे ते बघत नाहीत. थ्रो टाकायचा तो हद्दीशी काटकोनात सरळ आत, एका हाताने टाका नाहीतर दोन्ही हातांनी, आणि बॉल जमिनीला टेकल्याशिवाय खेळ सुरू नाही.

गोललाइनच्या मागे गेलेल्या बॉलचंही तसंच, धावायचं. बचाव करणाऱ्याने आधी हात लावला तर त्यांना तिथून समोर गोललाइनवरून फ्री किक. हल्ला करणाऱ्याने आधी लावला तर त्याच्या टीमला गोललाइनपासून १५ यार्ड आत येऊन, जिथे हात लावला त्या जागेच्या समोरून गोलवर किक, आणि बचाववाले तोपर्यंत गोललाइनच्या मागे उभे. कोपऱ्याजवळ हात लावलात तर कोन फार वाईट मिळतो, म्हणून बॉल मागे जाताना शक्य तेवढं खांबांच्या जवळ त्याला गाठायचं.

नडगीवर लाथ नाही

दहावा नियम सगळ्यांनी मॅचआधी मोठ्याने वाचा. पायात पाय घालून पाडायचं नाही, नडगीवर लाथ मारायची नाही, हाताने धरायचं-ढकलायचं नाही. खांद्याने किंवा छातीने धक्का देणं मात्र बंद केलेलं नाही. ते किती जोरात चालवून घ्यायचं हे वय आणि अंग बघून कॅप्टननी ठरवावं, माझं मत विचाराल तर फक्त खांद्याला खांदा आणि तोही बॉल जवळ असतानाच.

या नियमावरून असोसिएशनमध्ये फूट पडली होती. मोर्लीच्या पहिल्या मसुद्यात बॉल घेऊन पळायची परवानगी होती आणि पळणाऱ्याला लाथ मारून अडवायचीही. मग केंब्रिजचे १८६३ चे नवे नियम लोकांच्या हातात पडले, त्यात दोन्ही नव्हतं, आणि बैठकीतलं वारं फिरलं. ब्लॅकहीथ क्लबच्या फ्रान्सिस कॅम्पबेलने जोरात विरोध केला, त्याचं म्हणणं हॅकिंग, म्हणजे नडगीवर लाथ मारणं, काढलंत तर खेळातली सगळी हिंमतच निघून जाईल, मग मी फ्रेंच लोक आणतो, आठवडाभर सराव करून ते तुम्हाला हरवतील. मोर्लीचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं, लाथा ठेवल्या तर शहाणीसुरती मोठी माणसं खेळायला येणारच नाहीत, खेळ फक्त शाळकरी पोरांपुरता उरेल. १ डिसेंबरला मत झालं, १३ विरुद्ध ४, हॅकिंग गेलं. ब्लॅकहीथ बाहेर पडलं आणि १८७१ मध्ये रग्बी युनियन स्थापन झाली तेव्हा ते त्यात होते. पण त्या रग्बी युनियननेही पहिल्याच नियमावलीत हॅकिंग बंद केलं. मला मोर्लीचा मुद्दा फार पटतो, सोमवारी कामावर जायचंय अशा माणसालाही खेळता आलं पाहिजे, खेळ पुढे जगभर पसरला त्यात या मताचा वाटा मोठा आहे.

आता एकेक नियम बदलत जा

पहिला डाव वीस मिनिटांचा ठेवा. मग थांबून पाणी प्या, कशावरून वाद झाले ते प्रत्येकाला सांगू द्या आणि पुढचा डाव १८६६ च्या बदलांनी खेळा. फेअर कॅच काढून टाका. खांबांच्या मध्ये ८ फुटांवर, म्हणजे २.४४ मीटरवर, एक फीत बांधा, बॉल तिच्या खालून गेला तरच गोल. गोललाइनमागे हात लावून मिळणारी किक काढा, तो टचडाउन फक्त मोजून ठेवा, गोल सारखे झाले तर त्यावर निकाल. त्याच वर्षी ३१ मार्चला बॅटरसी पार्कात लंडन आणि शेफिल्डची मॅच झाली, अकरा-अकरा जण, दीड तास, आणि लंडन जिंकलं ते दोन गोल आणि चार टचडाउननी.

ऑफसाइडही बदला, तुमच्या आणि समोरच्या गोलच्या मध्ये त्यांचे तीन जण असले की तुम्ही पुढे उभे राहू शकता. हा डाव सुरू झाला की फरक पहिल्या मिनिटातच दिसतो. घोळका फुटतो, माणसं पसरतात, कोणीतरी पुढे पास मारतो. पासिंगचा खेळ, जो पुढे स्कॉटिश टीमनी खरा मोठा केला, तो या एका बदलाशिवाय शक्यच नव्हता. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोजवळ पार्टिकमध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली, तीही ०-० च.

तिसऱ्या डावात सगळ्यांचे हात बंद करा आणि एकाला गोलकीपर करा. १८७० ला हात बंद झाले, १८७१ ला गोलकीपर नियमात आला. त्याला हात कुठपर्यंत चालतो याची हद्द बराच काळ खूप मोठी होती, अगदी १९१२ पर्यंत तो आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हाताळू शकायचा, तेव्हा तुम्हीही तसंच ठेवा. कॉर्नर किकही आणा, ती शेफिल्डकडून १८७२ मध्ये असोसिएशनच्या नियमात आली. बाजू आता गोलनंतर नाही तर हाफ टाइमलाच बदलायची.

थ्रोचा घोळ मिटायला जरा वेळ लागला. १८७७ मध्ये शेफिल्ड आणि लंडनचे नियम एक झाले तेव्हा थ्रो कुठल्याही दिशेला टाकायची मुभा मिळाली. पण एका हाताने बॉल भिरकावला की तो कुठच्या कुठे जातो, करून बघा, एखादा दणकट गडी थेट गोलसमोर टाकेल. म्हणून १८८२ मध्ये दोन्ही हातांची सक्ती झाली, आणि आडवा बारही त्याच वर्षी सक्तीचा झाला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांच्या असोसिएशननी नियमांसाठी मिळून बोर्ड केलं त्याची पहिली बैठक १८८६ ची, ते बोर्ड आजही नियम ठरवतं, फिफा त्यात १९१३ ला आली.

शेवटच्या डावात पेनल्टी आणि रेफरी. पेनल्टीची कल्पना आयर्लंडमधल्या मिलफर्डच्या विल्यम मॅक्रमची, तो स्वतः गोलकीपर होता. २ जून १८९१ ला ती मंजूर झाली. तेव्हा पेनल्टीचा ठिपका नव्हता, गोललाइनपासून १२ यार्डांवर कुठूनही मारायची आणि गोलकीपरला ६ यार्डांपर्यंत पुढे यायची परवानगी, हे तसंच खेळून बघा, मारणाऱ्याची गाळण उडते. त्याआधी दोन्ही टीमचे एकेक अंपायर असायचे आणि खेळाडूंनी दाद मागितली तरच ते निर्णय द्यायचे. १८९१ ला रेफरी मैदानाच्या आत आला आणि अंपायरचे लाइन्समन झाले. म्हणून शिट्टी याच डावात काढा, आधीच्या डावांत नको, कारण शिट्टी असली की वाद दबून जातात आणि कुठला नियम कशामुळे आला ते दिसतच नाही.

दम उरला असेल तर दहा मिनिटं १९२५ चा ऑफसाइड खेळा, तीनऐवजी दोन बचाववाले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये त्या बदलानंतरच्या सीझनला गोल एक तृतीयांशाहून जास्त वाढले होते. स्कोअर प्रत्येक डावाचा वेगळा लिहून ठेवा आणि कुठल्या डावात किती गोल पडले ते शेजारी शेजारी मांडा, पुढच्या वेळी टीम पाडताना उपयोगी पडतं, ड्रिबलवाले सगळे एकाच बाजूला गेले की पहिला डाव एकतर्फी होतो.